तिलारी धरण महाराष्ट्रात आहे, मग जास्त पाणी गोव्याला का? हा करार महाराष्ट्राला मोडता येईल का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. गोव्याने पैसे घातले म्हणून. 1990 च्या करारात खर्चाची वाटणी ठरली: गोवा 73.30 टक्के, महाराष्ट्र 26.70 टक्के. पाण्याचा हिशोबही त्याच अंगाने गेला. मूळ आराखड्यात भिजणारी जमीन 23,654 हेक्टर धरली होती. त्यातली 16,978 हेक्टर गोव्याची, म्हणजे पेडणे, डिचोली, बारदेशची, आणि 6,676 हेक्टर आमच्या सिंधुदुर्गातली. त्यामुळे 'गोवा आमचं पाणी पळवतो' ही ओरड मला अजिबात पटत नाही. ज्याने तीन चतुर्थांशाच्या आसपास खर्च उचलला, तो पाणी मागणारच.

हे लिहिणारा माणूस धरणात बुडालेल्या आयनोड्याचा आहे, हे आधी सांगून ठेवतो. आयनोडे, सरगवे, केंद्रे, पाट्ये, शिरंगे ही नावं आता दोडामार्ग तालुक्यात पुनर्वसन वसाहतींच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. गावं पाण्याखाली आहेत. काही कुटुंबं थेट गोव्यात साळला वसली.

माझी बहीण पेडण्यात दिली आहे. एका चवथीला तिच्याकडे गेलो होतो. आरती झाली, पानं वाढली, आणि विषय तिलारीवर आला. भावोजी माणूस चांगला, पण गोव्याच्या बाबतीत एक शब्द ऐकून घेत नाहीत. म्हणाले, "आमी पाणी फुकट घेना, पयशे मोजल्यात." मी म्हटलं, "पैशे मोजल्यात तां खरा, पण बुडालेलो गाव खंयच्या हिशोबात धरल्यात?" बहिणीने मध्येच भात वाढायला घेतला, म्हणून तेवढ्यावर थांबलं. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

कारण तो हिशोब मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलाय. मोजणीला माणसं आली तेव्हा बाबा त्यांच्यासोबत पूर्ण कुळागर, म्हणजे आमची माडा-पोफळीची बाग, फिरले. माड किती, पोफळी किती, फणस किती, कलमं किती, सगळं कागदावर उतरलं. प्रत्येक झाडाला दर होता. रातांब्यांशी, म्हणजे कोकमाच्या झाडांशी, आले तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, हे 'इतर'मध्ये धरू. बाबांनी हट्टाने थांबवून एकेक रातांबा मोजायला लावला. त्या झाडांच्या सोलांवर आमच्या घरात वर्षभराचं मीठमसाल्याचं भागायचं. मग शेवटी बाबांनी विचारलं, "आणि मांड?" शिमग्याला जिथे गाव जमायचा, तो मांड. त्याला रकानाच नव्हता. मांड कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो, त्याला दर कुठून लागणार?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. करार मोडायची भाषा करणाऱ्यांनी शेजारची म्हादई नदी बघावी. तिथे करार नव्हता. प्रकरण लवादाकडे गेलं, 2018 मध्ये निवाडा आला: गोवा 24 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, कर्नाटक 13.42, महाराष्ट्र 1.33. त्यानंतरही भांडण मिटलेलं नाही. आमच्याच तालुक्यातल्या विर्डी धरणावरून गोवा आणि महाराष्ट्र आमनेसामने आलेच. तिलारीवर दोन्ही राज्यांनी आधी बसून आकडे लिहिले, म्हणून इथे लवाद लागला नाही. असा करार एका राज्याने मनात आलं म्हणून फाडायचा नसतो. फाडला तर गोव्याचे पैसे परत करायचे कुणी, आणि आमच्या वाट्याचं पाणी तरी आम्हाला पुरतं मिळेल याची हमी कोण देणार?

खरी गोम टक्क्यांत नाहीच, ती कालव्यात आहे. करार साठ्याची वाटणी करतो, पण पाणी चालतं कालव्यातून. कालवा फुटला की 73 आणि 26 दोन्ही शून्य. एका उन्हाळ्यात असाच फुटला, तेव्हा मी बघायला गेलो होतो. अस्तराचा काँक्रीटचा तुकडा आडवा होऊन पडलेला, त्याच्यामागचा मातीचा भराव धुऊन गेलेला, आणि खालच्या पोफळींच्या बुंध्यांना गुडघाभर तांबडा चिखल. बागवाला घमेल्याने चिखल उपसत होता. त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन, नळ आला नाही, टँकरची वाट बघतोय. गोव्यात हे पाणी आता नुसतं शेतीला राहिलेलं नाही. चांदेल आणि अस्नोड्याचे जलशुद्धीकरण प्रकल्प त्यावर चालतात. तिलारीचा कालवा बंद म्हणजे पेडणे, बारदेशात घागरी रिकाम्या.

म्हणून तुम्ही सिंधुदुर्गातले असाल तर गोव्याशी भांडू नका. बांद्याकडच्या शेतात पाणी कधी पोचतं, कालव्याचं अस्तर कधी बदलणार, हे आपल्या लोकप्रतिनिधीला विचारा. गोव्यातले असाल तर कालव्याची दुरुस्ती हीसुद्धा तुमचीच गरज आहे, ती 'महाराष्ट्राचं काम' म्हणून सोडू नका. आणि दोघांनीही प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न वर्षानुवर्षं का लोंबकळला हे विचारा. नोकरीची मागणी होती, त्यासाठी उपोषणं झाली, मोर्चे झाले, शेवटी एकरकमी पैशांवर आलं. आमच्या आयनोड्याच्या कितीतरी पोरांचं नोकरीचं वय त्यातच गेलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. वरचे हेक्टरचे आकडे आराखड्यातले आहेत, प्रत्यक्ष भिजणारं क्षेत्र त्याहून कमी आहे. आणि सगळ्या विस्थापितांचं मत माझ्यासारखंच आहे असंही नाही. साळला गेलेले माझे काही नातेवाईक तिथे सुखात आहेत.

भावोजी हे वाचतील, म्हणून त्यांना इथेच सांगतो. पैसे तुम्ही मोजलेत, पाण्यावर तुमचा हक्क पक्का, मी तो कधी नाकारला नाही. पण खर्चाच्या यादीत सिमेंट, माती, मजुरी आली तशी गावंही यायला हवी होती, आणि ती आली असती तर आमचा वाटा 26.70 वर थांबला नसता. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते खाली लिहा, फोनवर नको.