पोर मार खाऊन गप्प का बसतं?

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा मुलगा डब्लिनला एम.एस्सी. करतोय. गेल्या महिन्यात रात्री कामावरून परतताना बसस्टॉपवर चार-पाच पोरांनी त्याला घेरलं, ‘तुझ्या देशात चालता हो’ म्हणत लाथा घातल्या आणि मोबाइल ओढून नेला. त्याने आम्हाला काही सांगितलं नाही. खोलीतल्या मित्राच्या आईकडून कळलं. विचारलं तर म्हणतो, ‘पाय घसरून पडलो.’ पोलिसांत तक्रारही नाही. ह्यांचं म्हणणं, तिकीट काढा आणि परत बोलवा. घर बँकेकडे गहाण, फी भरलेली. मला झोप लागत नाही. काय करू?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : तुमच्या पत्रात एक वाक्य नाही, पण घरात ते कुणीतरी बोललं असणार : ‘एवढ्या रात्री तिकडे कशाला गेला होतास?’ बोलून झालं असेल तर पुन्हा काढू नका. मार खाल्लेल्या पोराला त्यात एवढंच ऐकू येतं की चूक माझी.

मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं बसले. कॉलेज रोडच्या कन्सल्टंटकडून फाइल तयार होऊन यायची, मागोमाग आई-वडील आणि मुलगा. एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. वडिलांचा चष्मा स्कूटरच्या डिकीत राहिलेला, त्यामुळे गहाणखताच्या पानांवर सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवत होते. मुलगा कागदांकडे बघतच नव्हता. हप्त्याचा आकडा वाचून त्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात त्याचा गुणाकार चालला होता. असा मुलगा तिकडे मार खाल्ल्यावर फोन करून सांगेल? त्याला वाटतं, सांगितलं की बाबा परत बोलावतील, परत गेलो की घर जाईल. तुमच्या मुलाचा पाय ‘घसरला’ तो असा. म्हणून त्याला आधी इतकंच सांगा की घराचं आम्ही बघतो, तू जे झालं ते सांग. आणि हे ह्यांनी सांगायला हवं. तुम्ही सांगून भागणार नाही, कारण ‘परत ये’ म्हणणारे ते आहेत.

आता तक्रारीचं. महिना झाला म्हणून वेळ गेली, असं अजिबात नाही. तिथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात. जवळच्या कुठल्याही गार्डा ठाण्यात जाता येतं. आयर्लंडमध्ये द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांचा नवा कायदा ३१ डिसेंबर २०२४ पासून लागू झालाय. वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व यांच्या द्वेषातून मारहाण झाली हे कोर्टात ठरलं, तर नेहमीच्या मारहाणीपेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते. पण त्यासाठी ‘पोरांनी मारलं’ एवढंच लिहून देऊन चालत नाही. ती पोरं काय बोलली, ते त्यांच्याच शब्दांत, शिवीसकट, जबाबात आलं पाहिजे. आपली मुलं नेमकं तेच गाळतात, लाज वाटते म्हणून. मार खाणाऱ्याला स्वतःला हा द्वेषाचा गुन्हा वाटला, तर गार्डा त्याची तशी नोंद करतात. तेव्हा त्याने हे तोंडाने सांगायचं आणि निघताना तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा. विमा, विद्यापीठ, दूतावास, सगळीकडे तो लागतो.

मोबाइल चोरीला गेलाय, म्हणजे आयएमईआय क्रमांक, फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, लागेल. फोन त्याने जायच्या आधी इथेच घेतला असेल तर रिकामा खोका तुमच्या घरात माळ्यावर असेल, त्यावर तो छापलेला असतो. आजच काढा, फोटो पाठवा. बसमधलं आणि स्टॉपवरचं सीसीटीव्ही चित्रण कायम ठेवत नाहीत, म्हणून उद्याचं काम परवावर नको. जखमांचे फोटो मित्राने काढले असतील तर ते जपून ठेवायला सांगा. आणि डॉक्टरकडे गेला नसेल तर आता जायला सांगा. डोक्याला मार लागला असेल तर मी हे विनंती म्हणून सांगत नाहीये.

तक्रार न करण्याचं आणखी एक कारण असू शकतं, जे तुमचा मुलगा तुम्हालाही सांगणार नाही. तिथे विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते, ठरावीक सुट्ट्यांत ४०. भाडं भागत नाही म्हणून बरीच मुलं त्याहून जास्त, रोख पैशावर काम करतात. मग पोलिसांचं नाव काढलं तरी व्हिसाची भीती. मार खाल्ल्याची तक्रार केली म्हणून कुणाचा व्हिसा जात नाही. तरी तासांचा घोळ असेल तर आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आणि विद्यार्थी संघटनेत जाऊन खरं काय ते सांगावं आणि त्यांच्यातलं कुणी बरोबर घेऊन ठाण्यात जावं. एकट्याने जाऊन अडखळत बोलण्यापेक्षा ते कधीही बरं. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी तिथे ११६००६ हा मोफत फोनही आहे.

भारतीय दूतावासाला कळवाच. डब्लिनच्या दूतावासाने १ ऑगस्ट २०२५ ला भारतीयांसाठी सूचना काढली होती. त्याआधी जुलैत डब्लिनच्याच टॅलाट भागात एका भारतीय माणसाला खोटा आळ घेऊन रक्तबंबाळ केलं होतं आणि पुढच्या आठवड्यांत आणखी हल्ले झाले. ऑगस्टमधला तिथला भारत दिनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे, त्यावर नाशिकमध्ये बसून तुम्हीही तक्रार नोंदवू शकता. दूतावास गुन्हेगार पकडत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. पण दूतावासाने विचारणा केली की फाइल कपाटात पडून राहत नाही, हा बँकेच्या नोकरीतला माझा अनुभव तिकडेही लागू असावा.

आणि परत बोलवायचं का? हा निर्णय मुलाचा. त्याला खरंच तिथे राहणं असह्य झालं असेल तर घर गहाण आहे म्हणून त्याला तिथे डांबून ठेवू नका. पण फक्त ह्यांच्या घाबरण्यापायी तिकीट काढू नका. अभ्यास अर्धवट सोडला तर हप्ते सुरू होण्याआधीची सवलत तशीच चालू राहील असं गृहीत धरू नका, बँकेत जाऊन आधी विचारा. तिथेच दुसरंही विचारा : कर्जात राहण्या-खाण्याचा खर्च धरला होता का, आणि त्यातली रक्कम उचलायची शिल्लक आहे का? पुष्कळ पालक ‘फीपुरतंच घेऊ, बाकीचं तो कमवेल’ म्हणतात. ते ‘बाकीचं’ म्हणजे डब्लिनचं भाडं. तिथे घरांची एवढी टंचाई आहे की मुलं एका खोलीत तिघं-चौघं, गावाच्या टोकाला राहतात आणि शेवटच्या बसने घरी जातात. त्याच टंचाईचं खापर तिथले काही लोक परदेशी माणसांवर फोडतात. २३ नोव्हेंबर २०२३ ला डब्लिनमध्ये दंगल झाली, बसगाड्या जाळल्या, तेव्हा तो राग उघड दिसला होता. तो राग तुम्ही-आम्ही इथून कमी करू शकत नाही. कॉलेजजवळची खोली आणि रात्रीच्या पाळीतून सुटका, एवढं मात्र पैशाने होतं. विमानाचं तिकीट काढायला जे पैसे बाजूला ठेवलेत, ते आधी तिकडे वळवा.

एक सांगायचं राहिलं. टॅलाटच्या त्या माणसाच्या मदतीला धावली ती तिथलीच एक बाई होती, आणि नंतर निषेधाला भारतीयांबरोबर तिथले लोकही उतरले. मुलाला शेजारी, वर्गमित्र, चहाच्या टपरीसारखं जे काही तिकडे असेल तिथला माणूस, कुणीतरी स्थानिक ओळखीचा असू दे. आपली मुलं आपल्याच कंपूत राहतात, आणि मग ठाण्यात बरोबर यायला दुसरं कोणीच नसतं.

प्रश्न : मुलीला मेलबर्नला प्रवेश मिळालाय. २००९ साली तिथे आपल्या मुलांवर हल्ले झाले, त्या बातम्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. नातेवाईकही घाबरवतात. पाठवू का?
— एक वडील, ओझर

उत्तर : पाठवा.

२००९ विसरा असं म्हणत नाही. त्या वर्षी मे महिन्यात आपली मुलं हजारोंनी मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर रस्त्यावर बसली होती, ती उगाच नाही. पण पुढे काय झालं तेही बघा. ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेने २०११ मध्ये २००५ ते २००९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या राज्यांत भारतीय विद्यार्थ्यांना लुटण्याचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त निघालं. साध्या मारहाणीचं तसं निघालं नाही. का लुटले जात होते? रात्री पेट्रोल पंपावर, दुकानात, टॅक्सीवर काम, हातात रोकड, घरी जायला रात्रीची लोकल आणि राहायला स्वस्तातलं लांबचं उपनगर. यावरून ‘वंशद्वेष नव्हताच’ असा अर्थ काढणारे तिथेही होते आणि इथेही आहेत. मला तो पटत नाही. रात्री एकटा सापडणारा माणूस सोपा असतो, आणि तो परका दिसला की मारणाऱ्याला आणखी सोपा वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्याने २००९ मध्येच शिक्षेच्या कायद्यात बदल करून द्वेषाचा हेतू विचारात घ्यायची तरतूद केली, आणि २०१२ पासून मेलबर्नच्या लोकल स्टेशनांवर संध्याकाळी ६ नंतर शेवटच्या गाडीपर्यंत सशस्त्र सुरक्षा अधिकारी नेमायला सुरुवात केली. सगळं आलबेल आहे असंही नाही. ३१ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियाभर स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. तिथल्या सरकारने त्या मोर्चांचा निषेध केला.

मुलीसाठी माझं म्हणणं थोडकं आहे. खोली कॉलेजजवळ किंवा ट्रॅमच्या मार्गावर, भाडं जास्त पडलं तरी. पहिलं सत्र काम नाही. नंतर पंधरवड्याला ४८ तासांच्या मर्यादेत, आणि एकटीने रात्रीचा गल्ला सांभाळायचं काम कधीच नाही. बऱ्याच विद्यापीठांत रात्री आवारातून सुरक्षारक्षक सोबत देतात, फोन करावा लागतो. तो क्रमांक आणि पोलिसांचा ०००, दोन्ही पाठ असावेत, कारण फोन हिसकावला गेला की त्यातले नंबरही जातात. या सगळ्याचे पैसे कर्जात आत्ताच धरा. ७.५ लाखांच्या वर सहसा तारण द्यावं लागतं म्हणून रक्कम आखडती घेऊ नका. तुमच्याकडे तारण असेल तर ते अशा वेळीच वापरायचं.

आणि ‘पोहोचलीस का’ एवढंच रोज विचारण्यापेक्षा तिच्या गाडीचं, रस्त्याचं, घरमालकिणीचं नाव विचारत जा. एखाद्या दिवशी काही बिनसलं तर तिला पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.

प्रश्न : आमचे भाऊजी म्हणतात, आपली पोरं तिकडे जाऊन मोठमोठ्याने बोलतात, घोळक्याने फिरतात, तिथल्यांसारखी वागत नाहीत, म्हणून मार खातात. खरं आहे का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : मोठ्याने बोललं तर शेजारी घरमालकाकडे तक्रार करतो. करू दे, ती रीतच आहे. लाथा घालण्याचं कारण ते नसतं.

भाऊजी सातपूरचेच असतील तर त्यांना २००८ चा फेब्रुवारी आठवत असेल. उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कितीतरी कामगार खोल्यांना कुलूप लावून नाशिकरोड स्टेशनवर जाऊन बसले होते. गाड्या भरभरून गेल्या. बायका, पोरं, गाठोडी. कारखान्यांत यंत्रं होती, चालवायला माणूस नाही. तेव्हाही आपल्याकडे हेच ऐकू येत होतं : हे लोक घोळक्याने राहतात, आपली भाषा बोलत नाहीत, आपल्यासारखे वागत नाहीत. पानटपरीवर उभा राहून हे बोलणारा माणूस वाईट होता असं नाही, त्याने कुणाला हातही लावला नव्हता. पण ज्याने हात उचलला त्याला ते बोलणं उपयोगी पडलं.

भाऊजींचा मुलगा किंवा पुतण्या उद्या बाहेर जाणार असेल तर त्याच्यासमोर तरी त्यांनी हे बोलू नये. तिकडे काही झालं तर तो या घरात फोन करणार नाही.

हप्त्यांबद्दल आलेली पत्रं पुढच्या अंकात घेते.