तेलुगू भाषिक नवा कंपॅनियन, शहर दिल्ली आणि ट्रेनर मराठी: बारा आठवडे कसे आखावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही पुण्याचे, लॅटर-डे सेंट्स चर्चचे एल्डर (तरुण मिशनरी), सध्या दिल्लीत सेवेला, म्हणजे एका जोडीदारासोबत (कंपॅनियन) लोकांना भेटून धर्म समजावायला. पुढच्या ट्रान्सफरला (दर सहा आठवड्यांनी होणारी जोड्यांची फेररचना) राजमहेंद्रीचा नवा एल्डर तुमच्याकडे ट्रेनिंगला येतोय. त्याला हिंदी जवळजवळ येत नाही, इंग्रजी शाळेपुरतं. तुम्हाला तेलुगू येत नाही. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात भाषेपासून करू नका, भेटीत कोण किती बोलणार या वाट्यापासून करा. नव्या एल्डरला शब्द येत नाहीत ही अडचण सहा आठवड्यांत बरीच कमी होते. पण ट्रेनर सगळं बोलतो आणि हा शेजारी बसून मान हलवतो, अशी जोडी एकदा जमली की ती मोडायला फार त्रास पडतो. म्हणून पहिल्या भेटीपासून त्याचा वाटा ठरलेला हवा. वाटा लहान असू द्या, पण तो संपूर्ण त्याचा असावा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक भेटीत तीन गोष्टी त्याच्या : शेवटची प्रार्थना (चार वाक्यांची, पाठ केलेली चालेल), बायबलचं एक वचन मोठ्यानं वाचणं आणि साक्षीचं (स्वतःच्या विश्वासाच्या ग्वाहीचं) एक वाक्य. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यात एक मुद्दा वाढवा, तीन मिनिटांचा. सहावा आठवडा, म्हणजे पहिली ट्रान्सफर संपेपर्यंत अर्धी भेट त्याची व्हायला हवी. सातव्यापासून बाराव्यापर्यंत भेट तो चालवेल आणि तुम्ही मधे भर घालाल. भेट अर्ध्या तासाच्या आत ठेवा. परक्या भाषेत सतत लक्ष देऊन ऐकणारा माणूस त्यानंतर थकतो आणि नुसता बसून राहतो.

तो अडखळला तर मनात दहा आकडे मोजा. दहापर्यंत तो सावरला नाही, तर अडलेला एक शब्द द्या, अख्खं वाक्य देऊ नका. अख्खं वाक्य दिलंत की पुढच्या वेळी तो वाक्याचीच वाट पाहत बसतो. खरंच थांबायचं असेल तेव्हासाठी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ त्यानं पेन वहीवर आडवं ठेवलं की तुम्ही पुढे बोलायचं. चुका लोकांसमोर सुधारू नका. भेटीनंतर चालता चालता दोनच सांगा. दिवसभर दर वाक्याला टोकलं की माणूस बोलणंच कमी करतो, आणि त्यानं बोलणं कमी करणं हे चुकीच्या हिंदीपेक्षा कितीतरी जास्त नुकसानीचं आहे.

आता भाषेकडे. इथे मराठी माणसाच्या हातात एक मोठी सोय आहे, ती वापरा. हिंदी बायबलमधली बरीच नावं अरबी-उर्दूच्या वळणानं आली आहेत : यीशु, यूहन्ना, याकूब, मूसा, पतरस. तेलुगूत तीच येसु, योहानु, याकोबु, मोषे, पेतुरु. मराठीत येशू, योहान, याकोब, मोशे, पेत्र. म्हणजे तुमच्या लहानपणीच्या बायबलातली नावं त्याच्या नावांना जवळची आहेत, हिंदीतली दोघांनाही परकी. शब्दांचंही तसंच. शुभवर्तमानाला तो ‘सुवार्त’ म्हणतो, मराठीत सुवार्ता, हिंदीत सुसमाचार. साक्षीला तो ‘साक्ष्यं’ म्हणतो, हिंदीत गवाही. पश्चात्तापाला तेलुगू बायबल ‘मारुमनस्सु’ म्हणतं, म्हणजे बदललेलं मन. इथे मात्र हिंदीतलं ‘मन फिराव’ त्याला तुमच्यापेक्षा लवकर कळेल. असे पंचवीस-तीस शब्द एका पानावर तीन रकान्यांत लिहा : त्याच्या लिपीत तेलुगू, मग मराठी, मग हिंदी. तेलुगू रकाना त्यालाच भरू द्या. पहिल्या आठवड्याचा अभ्यास हाच.

उलट बाजूला दिसायला सारखे पण अर्थानं वेगळे शब्द आहेत. ते आधी माहीत नसतील तर भांडण होईपर्यंत कळत नाहीत. ‘आलोचन’ म्हणजे त्याच्या भाषेत विचार, हिंदीत आलोचना म्हणजे टीका. ‘अवसरं’ म्हणजे गरज, हिंदीत अवसर म्हणजे संधी. ‘अनुमानं’ म्हणजे संशय, हिंदीत अंदाज. ‘अभिमानं’ म्हणजे प्रेम, आपुलकी. हिंदीत मात्र बहुतेक वेळा गर्व. ‘प्रपंचं’ म्हणजे जग, मराठीत संसार, हिंदीत थोतांड. ‘शिक्ष’ म्हणजे दंड, मराठीत तेच, पण हिंदीत शिक्षण. आणि रोज लागणारा एक : तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. जेवताना किंवा सराव करताना तुम्ही उत्साहानं ‘चालू, चालू’ म्हणालात तर तो थांबेल. यात त्याची काहीच चूक नाही.

व्याकरणात काय सोपं जाईल आणि काय अडेल हे आधी माहीत असेल तर वेळ वाचतो. शब्दांचा क्रम तिन्ही भाषांत सारखा, क्रियापद शेवटी. त्यावर एक मिनिटही घालवू नका. ‘मुझे पता है’ त्याला लगेच जमेल, कारण तेलुगूत ‘नाकु तेलुसु’ आणि मराठीत ‘मला माहीत आहे’ अशीच रचना आहे. अडेल ते ‘मैंने’. तेलुगूत ‘ने’सारखं काही नाही, आणि आपल्याकडेही ‘मी केलं’ असं ‘ने’शिवायच म्हणतात, त्यामुळे ‘मैं किया’ ही चूक तुम्ही दोघं मिळून कराल. साक्षीचं वाक्य म्हणून हे पाठ करून घ्या : ‘मैंने प्रार्थना की और मुझे जवाब मिला.’ दोन्ही रचना एकात येतात.

लिंग हा दुसरा डोंगर. तेलुगूत वस्तूंना असं लिंग नसतं. नाम सुटं शिकवू नका, ‘मेरा’ किंवा ‘मेरी’ लावूनच शिकवा : मेरा घर, मेरी किताब. तुमचं मराठी इथे दगा देईल, कारण पुस्तक मराठीत नपुंसक आणि हिंदीत स्त्रीलिंगी. आत्मा हिंदीत एरवी स्त्रीलिंगी, पण हिंदी बायबलात पवित्र आत्मा पुल्लिंगी क्रियापद घेतो : ‘पवित्र आत्मा तुम पर आएगा.’ शंका आली की हिंदी बायबल उघडा, स्वतःच्या कानावर विसंबू नका.

‘हम’बद्दल एक सूचना. तेलुगूत ‘मनं’ आणि ‘मेमु’ वेगळे आहेत, जसे मराठीत आपण आणि आम्ही. हिंदीत दोन्हीला ‘हम’. समोरच्या कुटुंबाला धरून बोलायचं असेल तर ‘हम सब’ आणि आपल्या जोडीबद्दल बोलायचं असेल तर ‘हम दोनों’, एवढं ठरवून घ्या. नाहीतर ‘हम रविवार को चर्च जाते हैं’ हे वाक्य माहिती आहे की बोलावणं, हे समोरच्याला समजत नाही. तसंच तेलुगूत ‘लेदु’ आणि ‘कादु’ असे दोन नकार आहेत, आपल्या नाही आणि नव्हेसारखे. त्याला हिंदीतला ‘नहीं’ अपुरा वाटला, तर तुम्ही त्याला मराठीवरून समजावू शकता.

उच्चारात एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून घासा : महाप्राण. तेलुगू लिपीत ख, घ, भ आहेत, पण बोलताना ते बऱ्याचदा क, ग, ब होतात. ‘भाई साहब’चं ‘बाई साहब’ झालं तर दारातच अडचण. तळहात तोंडासमोर धरून ‘भाई’ म्हणायला लावा, हातावर वारा लागला पाहिजे. रोज पाच मिनिटं पुरतात. बाकीचा हेल तसाच राहू द्या, लोकांना तो आवडतो.

आणि तुमची स्वतःची हिंदी तपासा. तो तुमचीच उचलणार आहे. ‘मेरे को’, ‘अपन’, वडीलधाऱ्यांना ‘तुम’ हे पुण्या-मुंबईत खपतं, दिल्लीतल्या घरात आजोबांना ‘तुम’ म्हटलेलं खपत नाही. त्याला पहिले सहा आठवडे फक्त ‘आप’ शिकवा, ‘तुम’ची रूपं नकोतच. तेलुगूत नावापुढे ‘गारु’ लावतात, तसं हिंदीत ‘जी’ लावायचं, एवढं सांगितलं की आदर आपोआप येतो. (एखादा नवा एल्डर हैदराबादचा असेल तर त्याला दखनी येत असते, ‘हौ’ आणि ‘नक्को’वाली. तुमचं दोघांचं छान जमेल, पण दिल्लीच्या घरांत तिचा उपयोग कमी.)

वेळा आणि तारखा यांत सर्वांत जास्त भेटी चुकतात. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. त्याच्याकडे ‘निन्न’ आणि ‘रेपु’ वेगळे, आपल्याकडेही वेगळे. ‘डेढ़’ आणि ‘ढाई’ तुम्हाला दीड आणि अडीचमुळे सोपे, पण तेलुगूत दीडला ‘ओकटिन्नर’, म्हणजे एक आणि अर्धा. सुटा शब्द नाही. ‘ढाई बजे’ त्याला काही सांगत नाही. नियम करा : कोणतीही भेट ठरली की तो वाराचं नाव आणि घड्याळाची वेळ इंग्रजी आकड्यांत परत म्हणेल, ‘बुधवार, टू थर्टी’, आणि समोरच्यादेखत फोनमध्ये लिहील. फोन नंबरही इंग्रजी आकड्यांतच घ्या. हिंदीचे शंभरपर्यंतचे आकडे नंतर येऊ द्या.

पहिल्या दिवशी, धर्माचा एकही शब्द शिकवण्याआधी, त्याला ही वाक्यं आलीच पाहिजेत : घराचा पत्ता, ‘मेरा साथी कहाँ है?’, ‘धीरे बोलिए’, ‘मुझे डॉक्टर चाहिए’, आणि आणीबाणीचा ११२ हा नंबर. त्याबरोबर चहाचं वाक्य, कारण चर्चच्या नियमामुळे तुम्ही दोघं चहा पीत नाही आणि प्रत्येक घरात चहा येणारच : ‘जी, हम चाय नहीं पीते, पानी दे दीजिए.’ हे हसून आणि लगेच म्हणता आलं पाहिजे. गप्प बसून कप तसाच ठेवला तर यजमानाचा अपमान होतो. आणखी एक : ‘हम सिर्फ़ बता रहे हैं, फ़ैसला आपका है.’ दिल्लीला लागून असलेल्या उत्तर प्रदेशात २०२१ पासून धर्मांतराबाबत कायदा आहे आणि त्यात प्रलोभनावर बंदी आहे. भाषा कच्ची असलेला माणूस ‘आशीर्वाद मिलेगा’ म्हणताना नुसतंच ‘आपको मिलेगा’ म्हणून गेला, तर ऐकणाऱ्याला ते भलतंच वाटू शकतं. त्यामुळे देण्या-मिळण्याची वाक्यं पूर्ण पाठ असल्याशिवाय त्यानं वापरू नयेत.

रोजचा सराव असा करा. एकच प्रसंग घ्या, उदाहरणार्थ प्रार्थना म्हणजे काय हे समजावणं, आणि तो तीन वेळा करा. पहिल्यांदा तो पूर्ण तेलुगूत बोलेल. तुम्हाला कळणार नाही, पण तो अडतोय की वाहतोय हे कळतं. स्वतःच्या भाषेतही अडत असेल तर त्याची अडचण हिंदीची नाही, विषय मनात बसलेला नाही. मग आधी तेलुगूत अभ्यास करू द्या. दुसऱ्यांदा मिश्र. तिसऱ्यांदा फक्त हिंदी, निम्म्या शब्दांत. एकूण पंधरा मिनिटं. वाचनालाही तीच रीत : याकोब १:५ आधी तेलुगूत, मग तेच हिंदीत मोठ्यानं. अर्थ आधीच माहीत असल्यानं हिंदी आपोआप उलगडते. शाळेत हिंदी विषय होता का, हेही विचारा. असेल तर देवनागरी हळूहळू वाचता येत असेल, फक्त अर्थ लागत नसेल.

भेटीत फोनवरचं भाषांतर वापरू नका. सुट्या नामासाठी, भाजीवाल्याकडे, ठीक आहे. धर्माच्या शब्दांत ते भलतीकडे जातं आणि दोघंही पडद्याकडे बघत बसता, समोरचं कुटुंब बाजूला राहतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न पूर्ण सोडून द्या. उत्तर नेहमी ‘सरे’ येईल. ‘सरे’ म्हणजे बरं, ठीक आहे. समजलं असं नाही. त्याऐवजी ‘आता आपण कुठे जायचंय?’, ‘त्यांना काय सांगायचं ठरलं?’ असं विचारा. दिवसाची आखणी कागदावर रेघा मारून करा : वेळ, नाव, कोण काय बोलणार. शब्दांपेक्षा चौकट लवकर कळते.

तुम्हीही तेलुगू शिका, रोज दहा मिनिटं, गुरू तो. यानं त्याला दिवसातून एकदा तरी हुशार असण्याची जागा मिळते, आणि ती त्याला फार लागते. ‘अर्थं कालेदु’ म्हणजे समजलं नाही. ‘मळ्ळी चेप्पु’ म्हणजे परत सांग. ‘नेम्मदिगा’ म्हणजे हळू. ‘तिन्नावा?’ म्हणजे जेवलास? ‘कडुपु नोप्पि’ म्हणजे पोटदुखी. ‘बाधगा उंदि’ म्हणजे वाईट वाटतंय. शेवटची दोन तर पाठच करा. आजार आणि उदासी माणूस परक्या भाषेत सांगत नाही, लपवतो. घरात तांदूळ, दही आणि तिखट लोणचं ठेवा. दोन वेळा पोळी खाऊन तेलुगू मुलाचं पोट भरतं पण जेवण होत नाही. स्वयंपाक एकत्र करा, हिंदी नामं शिकवायला ओट्याइतकी चांगली जागा नाही.

इतर एल्डरांबरोबर असताना काळजी घ्या. चार जण भराभर हिंदीत बोलतात, हसतात, आणि हा तासभर नुसता बसतो. दर दहा मिनिटांनी एका वाक्यात त्याला सांगायचं काय चाललंय, हे काम तुमचं. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये (मिशनऱ्यांच्या जवळपासच्या जोड्यांचा गट) तेलुगू येणारा एल्डर असेल तर तिसऱ्या आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास एक दिवसासाठी जोडीदारांची अदलाबदल मागून घ्या. त्या दिवशी तो मनातलं बोलेल. काय बोलला ते त्या एल्डरला खोदून विचारू नका. तुमच्यात काही बदलायला हवं असेल तर तेवढंच विचारा. घरी आठवड्याचा फोन तर तेलुगूत होतोच, त्या वेळी घाई करू नका.

आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी एकमेकांबद्दल बोलायचं असतं, ते तोंडी नको. तो तेलुगूत दोन ओळी लिहील : काय बरं गेलं, काय बोचलं. मग तोच शब्द शोधत हिंदी-इंग्रजीत सांगेल. पाच मिनिटांच्या गोष्टीला अर्धा तास लागेल, तेवढा वेळ राखून ठेवा. पहिल्या आठवड्यात ‘काही नाही’ एवढंच लिहिलेलं असेल. तुम्ही आधी स्वतःबद्दल एक खरी गोष्ट लिहून त्याला वाचून दाखवलीत, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत तोही लिहू लागतो.