आपल्या मुलीने दुसऱ्या कुणाचं ऐकलं तर

परदेशात राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. दर शनिवारी सकाळी ती शेजारच्या निवृत्त आर्किटेक्ट बाईंकडे जाते आणि दोघी मिळून पुठ्ठ्याची घरं, पूल, जिने बनवत बसतात. मागच्या महिन्यात त्या बाई सहज बोलून गेल्या, की तुमच्या मुलीला डॉक्टर व्हायचं नाहीये. आईला माहीत असेलच, असं त्यांना वाटलं होतं. आईला काहीच माहीत नव्हतं. त्या लिहितात, "मी तिची आई आहे. मला हे सगळ्यांत शेवटी का कळावं? तिचं तिकडे जाणं बंद करू का?" पत्रात आणखी एक प्रश्न आहे. ओळखीतला एक मुलगा नुकताच शिकायला परदेशी आला आहे, आणि त्याला जरा मार्गदर्शन करा, अशी त्यांच्या यजमानांना गळ घातली गेली आहे. महिन्यातून दोन तास देऊन असा काय फरक पडणार, असं यजमानांचं म्हणणं.

आधी पहिला प्रश्न. बंद करू नका.

तुम्हाला जे लागलं, ते लागणारच. पण जरा आपलं लहानपण आठवा. आईला जे सांगता यायचं नाही ते मावशीला सांगितलं जायचं, वडिलांपुढे तोंड उघडायची छाती नसली की मामाला मध्ये घातलं जायचं. गोष्ट फिरून घरी यायचीच, पण तोवर तिची धार कमी झालेली असायची. परदेशात ही माणसं व्हिडिओ कॉलवर असतात. त्यांच्याशी खुशालीचं बोलणं होतं, मनातलं होत नाही. मग शाळा, आजारपण, अभ्यास, रागावणं आणि जवळ घेणं, सगळं दोघांवरच येऊन पडतं. अशा घरातल्या मुलीला, ज्याला दुखावण्याची भीती नाही असं एक मोठं माणूस हवं असतं. "मला डॉक्टर व्हायचं नाही" हे वाक्य तिने तुमच्यापुढे उच्चारलं की त्यात तुमचे कष्ट, तुमची काटकसर, तुम्ही इथे येण्याचं कारण, असं सगळं येतं. शेजारच्या बाईंपुढे ते नुसतं एक वाक्य असतं. ते नीट उच्चारता येतंय का, हे तिने तिथे पाहिलं. तिथे ते उच्चारता आलं नसतं, तर ते तुमच्यापर्यंत कधी आलं असतं कोण जाणे.

आणखी एक गोष्ट तुमच्याच पत्रात आहे, तिच्याकडे लक्ष द्या. दोघी समोरासमोर बसून बोलत नाहीत. कटर पुठ्ठ्यावर असतो, नजर पट्टीवर असते, डिंक वाळेपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यात मुलं बोलतात. "बस, आपण बोलू" म्हटलं की तीच मुलं गप्प होतात.

हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा आजारपण अशा परिस्थितीत वाढत होती. त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश तरीही आत्मविश्वासाने, माणसं जोडत मोठी झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरातलं वा घराबाहेरचं, त्यांच्यावर मनापासून जीव लावणारं एखादं मोठं माणूस. कुणाची आजी, कुणाची शिक्षिका, कुणाचे शेजारी. तुमचं घर तसं अडचणीतलं नाही, हे उघड आहे. पण असं माणूस किती खोलवर पोचतं, हे त्यावरून कळतं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून मोठं आहे. डॉ. आंबेडकर शाळकरी वयात बागेत वाचत बसत, तिथे त्यांची कृष्णाजी अर्जुन केळुसकरांशी ओळख झाली. केळुसकर शिक्षक होते, पण त्यांच्या शाळेतले नव्हते. त्यांनी विचारपूस केली आणि पुस्तकं वाचायला दिली. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल सत्कार झाला, तेव्हा आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि कॉलेजच्या शिष्यवृत्तीची वाट मोकळी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बुद्धाकडे आपण वळलो त्याची सुरुवात त्या भेट मिळालेल्या पुस्तकापासून झाली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. केळुसकर १९३४ मध्येच गेले होते. आणि बाबासाहेबांच्या शाळा-कॉलेजच्या त्या काळात वडील रामजी सकपाळ मुलाच्या अभ्यासासाठी जिवाचं रान करत होते, हेही विसरू नका. केळुसकर आले म्हणून वडिलांची जागा तसूभरही कमी झाली नाही.

तेव्हा आता काय करायचं? त्या बाईंना एकदा घरी बोलवा आणि आभार माना, पण "ती काय काय सांगते?" असं विचारू नका. त्यांना खबऱ्या केलंत की मुलीला ते एका शनिवारात कळेल, आणि मग तिच्याकडे बोलायला कुणीच उरणार नाही. मुलीशी डॉक्टरकीचा विषय तुम्ही काढा, पण "मला त्यांच्याकडून कळलं" हे न लपवता. पहिल्या बोलण्यात फक्त ऐका. निर्णयाला अजून अवकाश आहे.

मात्र एक बाब मी कधीच सोडणार नाही. घराबाहेरचं माणूस कितीही भलं असलं, तरी मूल कुठे, कुणाबरोबर, किती वेळ आहे हे पालकांना माहीत असलंच पाहिजे, आणि तिथे कधीही अचानक डोकावता आलं पाहिजे. बोलणं खासगी असू शकतं, भेटणं चोरून नको. "हे घरी सांगू नकोस" असं कुणी मोठं माणूस मुलाला म्हणत असेल, तर तिथे जाणं त्याच दिवशी थांबवा.

आता यजमानांचा प्रश्न. दोन तासांनी फरक पडतो, पण ते दोन तास दर महिन्याला मिळाले तरच. अमेरिकेत जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वयंसेवी मार्गदर्शकांबरोबर जोडून दिलेल्या मुलांचा तो होता. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आतच मोडल्या, त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट आणखी घसरला. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. उत्साहाने हो म्हणून दोन भेटींनंतर फोन न उचलणं, यापेक्षा सुरुवातीलाच नाही म्हटलेलं कितीतरी बरं.

हो म्हणालात तर त्या मुलाला आपल्या आयुष्याची यशोगाथा ऐकवू नका. त्याचं काम मागून घ्या. अर्ज, निबंध, प्रोजेक्ट, काय असेल ते. मग चुका स्पष्ट दाखवा, पण का दाखवता आहात तेही सांगा. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांवर डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. निबंध तपासून परत देताना काही मुलांच्या वहीत शिक्षकांची एक चिठ्ठी होती. तुझ्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या गाठशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत, अशा अर्थाची. ती चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी जास्त जणांनी निबंध पुन्हा लिहून काढला. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हा फरक विशेष मोठा होता. परक्या देशात शिकणाऱ्या मुलालाही, समोरचा आपल्याला कमी लेखून बोलतोय की खरंच शिकवतोय, हा प्रश्न सतत पडतो. त्याचं उत्तर त्याला आधीच देऊन टाका.

महिन्याचा ठरावीक दिवस धरा, दुसरा रविवार म्हणा. वर्षभरासाठीच शब्द द्या, आणि वर्ष संपलं की दोघांनी मिळून पुढचं ठरवा. मध्येच बदली झाली किंवा घरातली अडचण आली, तर मेसेज टाकून मोकळं होऊ नका, एकदा भेटून कारण सांगा. आणि पहिल्या भेटीला जाताना त्याला विचारा, की सध्या इथे तुला सगळ्यात जड काय जातंय. अभ्यास जड जातोय असं तो आधी म्हणेल. थोडा वेळ थांबा, दुसरं उत्तरही येईल.