ऑस्करचा अंदाज नेमका शेवटी का चुकतो?

प्रश्न : दिग्दर्शक, अभिनेते या पुरस्कारांचे अंदाज बरोबर येतात, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा अनेकदा फसतो. असं का?

उत्तर : कारण तिथली मतमोजणीच वेगळी आहे. इतर विभागांत एका नावापुढे खूण करायची, ज्याला जास्त मतं तो जिंकला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र दहा नामांकनांना पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, की तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. असं बहुमत होईपर्यंत चालतं. त्यामुळे काहींचा लाडका आणि उरलेल्यांचा नावडता चित्रपट मागे पडू शकतो. पहिल्या पसंतीची बऱ्यापैकी मतं मिळवून उरलेल्यांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो.

२०२२ चंच बघा. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकनं होती, हाती आलं फक्त दिग्दर्शनाचं. ‘कोडा’ला ३ नामांकनं आणि तिन्ही पुरस्कार! कथा ठरीव आहे, हे मान्य. पण कर्णबधिर कुटुंबातली, एकटीच ऐकू येणारी मुलगी मंचावर गात असताना आवाज अचानक बंद होतो आणि कर्णबधिर बापासारखेच आपणही आजूबाजूच्या प्रेक्षकांचे चेहरे वाचू लागतो. असा चित्रपट यादीत तळाला कोण टाकेल?

ऑस्करआधी अमेरिकेतले दिग्दर्शकांचे, निर्मात्यांचे संघ आपापले पुरस्कार देतात. म्हणून अंदाज बांधताना दिग्दर्शक संघापेक्षा निर्माता संघाच्या निकालाकडे बघा. तिथेही पसंतीक्रमच असतो. अर्थात तोही २०१७ ला ‘ला ला लँड’वर आणि २०२० ला ‘१९१७’वर आपटलाय; दोन्ही तिथे जिंकले, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर हरले. नामांकनं मोजत बसू नका. ‘हा कुणाला आवडला नाही?’ एवढंच विचारा.