सात जणांची टीम आणि शेवटच्या आठवड्यात उघड होणाऱ्या अडचणी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सात जणांची टीम, प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज, आपसांत भांडणंही नाहीत, तरी दर वेळी काम शेवटच्या आठवड्यात अडकतं. मीटिंगमध्ये सगळे "होईल" म्हणतात आणि मुदतीच्या दोन दिवस आधी कळतं, की एका भागाला कुणी हातच लावलेला नाही. यावर टीमची सहल काढावी की बाहेरचा ट्रेनर बोलवावा, असं तुम्ही विचारलंय.

सहल जरूर काढा, पण या दुखण्यावरचं औषध ते नाही. आपुलकी तुमच्या टीममध्ये आहेच. वाईट बातमी वेळेत सांगता येईल अशी वाट मात्र नाही. मी २२ वर्षं वेगवेगळ्या टीममध्ये काम केलंय, निम्मी वर्षं लीड म्हणून. टीम कशी चाललीय हे पाहायला मी आता एकच गोष्ट बघतो: अडचण ज्याला पहिल्यांदा दिसली, त्याच्याकडून निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचायला तिला किती दिवस लागले?

हे मी फार महागात शिकलो. जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचं काम होतं. टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीला तिसऱ्याच आठवड्यात दिसलं, की काही नोंदींत तारखा दिवस-महिना अशा आहेत, तर काहींत महिना-दिवस. ती सांगायला आली. मी घाईत होतो, "ते नंतर बघू" म्हणालो. ती परत आली नाही. अकराव्या आठवड्यात सगळा घोळ बाहेर आला आणि चार जणांचे दोन आठवडे निस्तरण्यात गेले. तिने पुन्हा का सांगितलं नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं. खरं तर ती सांगून झाली होती, ऐकलं नव्हतं ते मी.

विमान वाहतुकीने हाच धडा जीव गमावून घेतला. डिसेंबर १९७८मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान कोसळलं. कारण इंधन संपलं. लँडिंग गिअरच्या, म्हणजे उतरताना लागणाऱ्या चाकांच्या, बिघाडात कॅप्टन इतका गुंतला होता, की विमान तासभर घिरट्या घालत राहिलं. इंधन उतरत चाललंय हे कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांनी बोलून दाखवलं होतं, पण कॅप्टनला खडबडून जागं करेल इतक्या ठामपणे नाही. दहा जण दगावले. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात उड्डाणाच्या कौशल्याबरोबर हेही आलं, की कनिष्ठाने शंका ठामपणे मांडायची आणि वरिष्ठाने ती विचारून घ्यायची. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. सांगण्याचा सगळा भार कनिष्ठावर टाकून चालत नाही.

एमी एडमंडसन या संशोधिकेला नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करताना एक उलटं चित्र दिसलं होतं: ज्या टीम चांगल्या चालत होत्या, त्यांच्याकडे औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. उलगडा असा, की त्या टीम चुका लपवत नव्हत्या. म्हणून तुमच्याकडे सुरुवातीला अडचणींची यादी वाढलेली दिसली, तर घाबरू नका. त्या आधीही होत्या, तुम्हाला दिसत नव्हत्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. "कसं चाललंय?" हा प्रश्न बंद करा, त्याला "छान" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "या आठवड्यात हे काम कशामुळे अडू शकतं?" असं विचारा आणि पहिलं उत्तर स्वतःचं द्या, स्वतःच्या खऱ्या अडचणीचं. कुणी वाईट बातमी आणली, तर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य अख्खी टीम लक्षात ठेवते. "आधी का नाही सांगितलंस?" हे ते वाक्य असता कामा नये, मनात कितीही आलं तरी. "बरं झालं सांगितलंस, आता काय करता येईल?" एवढं म्हणा. कारणांची चौकशी दुसऱ्या दिवशी करा.

कुणी हातच न लावलेल्या भागाचं कारण बहुधा साधं आहे: तो "दोघांनी मिळून" करायचा होता. प्रत्येक भागापुढे एकाच माणसाचं नाव हवं. मदत कितीही जणांनी करावी, पण विचारायचं एकालाच. फ्रान्सच्या मॅक्स रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याचे प्रयोग केले होते, १९१३ साली ते प्रसिद्ध झाले. माणसं वाढली तसा माणशी जोर कमी होत गेला. यात थोडा आळसही असतो आणि एकमेकांशी ताल न जुळणंही. म्हणून मुदत जवळ आली की माणसं वाढवा, ही वरून येणारी सूचना शक्यतो टाळा. सात जणांत जोड्या होतात २१, दहा जणांत ४५, आणि प्रत्येक जोडीत काहीतरी सांगायचं राहून जाऊ शकतं.

मतभेदांबद्दल तुम्ही "आमच्यात वाद होत नाहीत" असं अभिमानाने लिहिलंय. मला त्याचीच काळजी वाटते. सात हुशार माणसांचं प्रत्येक गोष्टीवर एकमत होत नसतं, ती फक्त गप्प बसतात. मोठा निर्णय घेण्याआधी प्रत्येकाला आपलं मत दोन ओळींत लिहून द्यायला सांगा, तुमचं मत कळण्याच्या आधी. लीड एकदा बोलला की बाकीच्यांची मतं त्याच्याकडे झुकतात.

यानंतरही एक-दोन जण गप्प राहतील. त्यांना मीटिंगमध्ये नाव घेऊन बोलायला लावू नका, ते आणखी आक्रसतील. वेगळं भेटा, दहा मिनिटं पुरतात. आणि त्यांनी एखादी बारीकशी गोष्ट जरी सांगितली, तरी त्याच दिवशी तिचं काहीतरी करा आणि काय केलंत ते त्यांना जाऊन सांगा.