वीस हजारांत एव्ही रिसीव्हर : जुना घ्या, पण मागची पट्टी वाचून घ्या

तालुक्याच्या गावी राहून २० हजारांच्या आत ५.१ चा (पाच स्पीकर व एक सबवूफर चालवणारा) चांगला एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर, स्वस्तात कोठे मिळेल, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाकरवी मागवला तर परवडेल काय, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मागवू नका. याच मुद्द्यावरून माझ्या साडूंशी माझा जुना वाद आहे, आणि आपला प्रश्न वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

साडूंचे म्हणणे असे की, वापरलेली वस्तू घेणे म्हणजे दुसऱ्याच्या घरचे दुखणे विकत घेणे. मी नागपूरहून एका बदली झालेल्या गृहस्थांचा जुना रिसीव्हर आणला, तेव्हा मेहुणीच्या घरच्या भरल्या पंगतीत त्यांनी त्याला भंगार म्हटले आणि आपण भाच्याकडून कोरा करकरीत मागवत असल्याचे जाहीर केले. तो आला. खोके सुरेख होते, थर्माकोलही जागच्या जागी होते. पण मागच्या पट्टीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट छापलेले होते आणि ते कोणी वाचले नव्हते. मी वाचून दाखवले, तर ‘ट्रान्सफॉर्मर लावू, त्यात काय’ असे उत्तर मिळाले. लावला, पण लहान क्षमतेचा. संवाद चालू असेपर्यंत सगळे ठीक असे, आणि पडद्यावर मारामारी सुरू झाली की ट्रान्सफॉर्मर इतका तापे की हात लावू देत नसे व रिसीव्हर आपोआप बंद पडे. शिवाय त्यांचे घर शेतात, कृषिपंपांच्याच लाइनवर आहे. पंप बंद झाले की तेथे व्होल्टेज चढते, आणि साधा ट्रान्सफॉर्मर ते सांभाळत नाही; आत येणारे व्होल्टेज जितक्या पटीने वाढेल तितक्याच पटीने बाहेर वाढवून देतो. अशाच एका रात्री यंत्र गेले. सर्व्हिस सेंटरने पट्टी पाहून सांगितले की दुसऱ्या देशासाठी विकलेल्या मालाची हमी येथे लागू नाही. यात सर्व्हिस सेंटरचे काही चुकले असे मला वाटत नाही. साडूंना मात्र अजूनही वाटते.

आता सौदा कोठे आहे ते सांगतो. तो साधारण २०१० ते २०१४ या काळातल्या डेनॉन, यामाहा, ओन्क्यो, पायोनियर यांच्या मधल्या दर्जाच्या रिसीव्हरमध्ये आहे. २०१४ मध्ये घरगुती रिसीव्हरमध्ये डॉल्बी ॲटमॉस (छताच्या स्पीकरमधूनही आवाज देणारी पद्धत) आले, त्याच सुमारास फोर-के चित्रासाठी एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारे कुलूप) लागू लागले, आणि ज्यांत हे दोन्ही नव्हते ती यंत्रे शहरातल्या हौशी लोकांनी विकायला काढली. त्यांतला ॲम्प्लिफायर मात्र जसा होता तसाच आहे. आपण चित्रपट स्मार्ट टीव्हीतल्या ॲपवर पाहत असाल, तर चित्र रिसीव्हरमधून जाण्याचे कारणच नाही; तेथे फक्त आवाज न्यायचा असतो, आणि एचडीएमआय या चित्र-आवाज नेणाऱ्या तारेच्या १.४ आवृत्तीपासून आलेल्या एआरसी सोयीने (टीव्हीचा आवाज त्याच तारेने रिसीव्हरकडे परत येतो) किंवा साध्या ऑप्टिकल तारेने ५.१ आवाज नीट जातो. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी ‘डॉल्बी डिजिटल’ निवडावे, म्हणजे जुन्या यंत्राला कळेल असाच आवाज त्याच्याकडे येतो.

असे यंत्र जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत नागपूर किंवा पुण्याच्या माणसाकडे मिळते, क्वचित नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्यांकडेही. पण कुरिअरने मागवू नये. एसटीने जावे, वाजवून पाहावे, आणि गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन यावे. मेनूमधला टेस्ट टोन लावून प्रत्येक चॅनेल वेगळा ऐकावा, एचडीएमआयचे प्रत्येक तोंड तार लावून तपासावे, आणि अर्धा तास मोठ्या आवाजात चालवून यंत्र ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडते काय ते पाहावे. वरच्या जाळीतून टॉर्च मारून आतही पाहावे. मी पाहिलेल्या एका रिसीव्हरच्या पॉवर बोर्डावर पाल चिकटून वाळलेली होती, आणि मालक ‘फक्त फ्यूज गेला आहे’ असे सांगत होता. कॅलिब्रेशनचा (खोलीप्रमाणे आवाज जुळवण्याचा) माइक व रिमोट सोबत मागून घ्यावा, आणि पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ नसेल तर चहा पिऊन परत यावे.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नये. सोनीच्या एसटीआर-डीएच५९० या एकाच यंत्राला एका मोजणीत १४५ वॅट आहेत, म्हणजे एकच चॅनेल, १ किलोहर्ट्झ आणि ०.९ टक्के विकृती. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ०.०९ टक्के विकृती अशी कडक मोजणी घेतली की तेच ९० होतात. कंपनी खोटे बोलत नाही, गिऱ्हाईक पुढचे वाचत नाही. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारे, स्पीकर घेतले तर तेवढेच काम होते. ‘माझा दीडशे वॅटचा, तुझा ऐंशीचा’ असे साडू पंगतीत म्हणाले होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिले.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपल्याला फोर-के गेमिंग कन्सोल रिसीव्हरमधून जोडायचा असेल किंवा छताचे स्पीकर लावायचे असतील, तर वरचे सगळे आपल्या कामाचे नाही. थांबून पैसे साठवावे आणि भारतीय हमीचा नवाच घ्यावा. जुन्याला हमी नसते, म्हणून २० पैकी चार-पाच हजार स्टॅबिलायझर व दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावे. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर रिसीव्हर गुणगुणेल. तो दोष यंत्राचा नव्हे. आणि वैशाख-ज्येष्ठात आभाळ भरून आले की नुसता प्लग काढून भागत नाही. डिशच्या तारेतून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने रिसीव्हरच्या बोर्डापर्यंत पोचतो, आणि जुन्या यंत्राचा तो बोर्ड मिळणे कठीण असते, म्हणून डिशची तारही काढून ठेवावी.