मेटल आवडत नसताना मित्राच्या आग्रहाखातर वाकेनला जावं का?

मित्र जर्मनीतल्या वाकेन गावच्या मेटल महोत्सवाला चल म्हणून मागे लागलाय, मेटल म्हणजे ते कर्कश रॉक संगीत तुम्हाला नुसती आरडाओरड वाटते, आणि तंबूत चार दिवस झेपतील का, असं तुम्ही विचारलंय. २०२३ साली मीही नेमका याच अवस्थेत माझ्या कॉलेजातल्या मित्राबरोबर गेलो होतो, म्हणून लिहितोय.

आधी मागची उधारी सांगतो. मार्च २००७ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड आला होता. आम्ही तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला. माझा हा मित्र रात्रीच्या खासगी बसने गेला, मी सबमिशनचं कारण काढून टांग मारली. पुढे मी नोकरीसाठी हॅम्बुर्गला आलो, तो पुण्यातच राहिला. २०२३ च्या वाकेनला मेडन आहेत हे कळल्यावर त्याचा एका ओळीचा मेसेज आला, ‘आता कुठलं सबमिशन आहे?’ मग काय, काढली तिकिटं.

वाकेन हे दोनेक हजार वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्याच दोघा मित्रांनी १९९० मध्ये हा महोत्सव सुरू केला तेव्हा जेमतेम आठशे लोक आले होते. आता ८५ हजारांच्या आसपास तिकिटं जातात. गावकरी नाकं मुरडत असतील असं मला वाटलं होतं. उलट घराघरासमोर टेबलं मांडून आज्या कॉफी आणि पाव विकत होत्या. शिवाय गावच्या अग्निशमन दलाचा ब्रासबँडही स्टेजवर वाजवतो, आणि हातभर दाढीवाले, काळ्या टी-शर्टातले बाप्ये त्याच्यावर नाचतात. खरं सांगू, मला सगळ्यात जास्त तोच आवडला.

त्या वर्षी पाऊस मात्र असा की विचारू नका. आम्ही सोमवारीच जवळच्या इत्झेहो शहरापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेलो, म्हणून आत पोचलो. गाडीने येणाऱ्यांची वाहनं चिखलात रुतत होती, ट्रॅक्टर लावून ओढावी लागत होती. बुधवारी पहाटे तर आयोजकांनी प्रवेशच बंद केला. तोपर्यंत साधारण पन्नास हजार लोक आत आले होते, बाकीच्यांना तिकीट हातात असूनही परत फिरावं लागलं. पैसे मिळाले, पण विमानाने आलेल्यांचं काय? तेव्हा मित्राला सांगा, लवकर निघायचं आणि शक्यतो रेल्वेनेच.

गमबूट घरूनच न्या. मी तिथे जाऊन घेईन म्हटलं, तर माझ्या मापाचे संपलेले. एक नंबर मोठे घेतले आणि चार दिवस बदकासारखा चाललो. कानात घालायचे बोळे विसरलात तर परत येईपर्यंत कानात रातकिडे ओरडतील. आंघोळीची रांग बघून मी दोन दिवस नाद सोडला होता. खाण्याची फार चिंता नको. माझ्या मित्राने आणलेल्या भाजणीच्या चकल्या शेजारच्या तंबूतल्या डॅनिश पोरांनी दुसऱ्याच दिवशी संपवल्या आणि बदल्यात आम्हाला कोरडे मोजे दिले. त्या चिखलात तो सौदा फायद्याचाच होता.

भांडण होणार हे मात्र धरून चला. त्याला स्टेजसमोर तीन तास आधी जाऊन उभं राहायचं होतं, आणि माझे पाय बोलायला लागले होते. सवाईला कसं, चादर अंथरून बसता येतं, कंटाळा आला तर चहा मारून येता येतं. इथे बूड टेकायला कोरडी जागा नाही. दुसऱ्या दिवशी आमची चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं, ज्याने त्याने हवं तिथे जायचं आणि रात्री अकराला नूडल्सच्या गाडीपाशी भेटायचं. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून जागा आणि वेळ आधीच ठरवा. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मेडनला मात्र मी त्याच्यासोबत थांबलो. पहिलं गाणं सुरू झालं तसा त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला, ‘धर’ म्हणाला आणि समोरच्या धक्काबुक्कीत शिरला. लांबून ती मारामारीच वाटते. पण कुणी पडला की आजूबाजूचे चार जण लगेच हात देऊन उभा करतात, हे मी तिथे कडेला उभं राहून पाहिलं. मित्राच्या चष्म्याचा नंबर उणे पाच. म्हणजे ज्यांच्यासाठी सोळा वर्षं माझं डोकं खाल्लं, ते त्याला धड दिसतही नव्हते. दोन-तीन गाण्यांनी परत आला तो चिखलाने माखलेला, एका पायात गमबूट आणि दुसऱ्यात नुसता डॅनिश मोजा. मी चष्मा पुढे केला. ‘राहू दे, पाठ आहे सगळं,’ म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उरलेली सगळी गाणी बेसूर ओरडला. गाणी मला तेव्हाही कळली नाहीत.

गमबूट काही सापडला नाही. पावाची रिकामी पिशवी त्याच्या पायाला बांधली आणि तंबूपर्यंत तसेच गेलो. चष्मा दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच खिशात सापडला.